मेंदूतील आघातजन्य रक्तस्राव आणि नुकसानभरपाईचा दावा : पुराव्याचा प्रश्न

अपघातात हातपाय गमावलेल्या मनुष्याची हानी न्यायासनाला डोळ्यांनी दिसते. मेंदूत रक्तस्राव होऊन गेलेला मनुष्य मात्र पुष्कळदा स्वतःच्या पायांनी चालत साक्षीच्या पिंजऱ्यात येतो, नाव, गाव, वय बिनचूक सांगतो, उलटतपासात ‘आता तुमची प्रकृती कशी आहे?’ असे विचारले असता ‘उत्तम आहे’ असे उत्तर देतो, आणि त्याचे हे उत्तरच त्याच्या दाव्यावर उलटते. स्वतःत झालेला पालट ओळखण्याची शक्तीच आघाताने क्षीण झालेली असते, ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही त्याला ते उत्तर प्रामाणिक कबुलीसारखे वाटते. प्रस्तुत लेखात या अडचणीचा विचार मुख्यतः मोटार अपघातांच्या दाव्यांच्या संदर्भात केला आहे. कारखान्यातील अपघात किंवा इमारतीवरून पडणे यांना अन्य कायदे लागू होतात. परंतु पुराव्याचा प्रश्न तेथेही फारसा वेगळा नाही.

प्रथम वैद्यकीय बाजू थोडक्यात पाहू. कवटीच्या आत रक्त कोठे साठले यावरून या रक्तस्रावाचे प्रकार पडतात. कवटी आणि मेंदूचे सर्वांत बाहेरचे जाड आवरण यांच्या दरम्यान साठलेल्या रक्तास एपिड्यूरल रक्तस्राव म्हणतात. कानशिलाजवळील हाड तडकून त्याखालची धमनी फाटणे हे त्याचे नेहमीचे कारण होय. त्या आवरणाच्या आतील बाजूस रक्त साठले तर तो सबड्यूरल रक्तस्राव. तो बहुधा मेंदूच्या पृष्ठभागापासून आवरणाकडे जाणाऱ्या नाजूक शिरा ताणून तुटल्यामुळे होतो. याखेरीज मेंदूलगतच्या पातळ आवरणाखाली किंवा प्रत्यक्ष मेंदूच्या द्रव्यातही रक्त उतरते. वकिलाच्या दृष्टीने यांपैकी पहिल्या प्रकाराचे एक वैशिष्ट्य फार महत्त्वाचे आहे. धमनी फाटलेला रुग्ण आघातानंतर काही काळ, क्वचित काही तास, शुद्धीवर असतो, बोलतो, चहा मागतो, आणि मग एकाएकी बेशुद्ध होतो. अशा रुग्णाच्या पहिल्या कागदावर ‘शुद्धीत, बोलतो, किरकोळ इजा’ अशी नोंद सापडली म्हणजे इजा किरकोळ होती असे ठरत नाही. उलट, ती नोंद आणि नंतरची बेशुद्धी ही दोन्ही एकत्र वाचली तरच रोगाचे स्वरूप उलगडते. परंतु न्यायाधिकरणापुढे कागद सुटे सुटे येतात आणि सुटे सुटेच वाचले जातात.

बेशुद्धीची खोली मोजण्याची जी पद्धत आज सर्वत्र रूढ आहे ती ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट या दोन शल्यवैद्यांनी १९७४ साली मांडली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या तिहींना मिळून ३ पासून १५ पर्यंत गुण दिले जातात. ८ किंवा त्याहून कमी गुण गंभीर इजेचे, १३ ते १५ सौम्य इजेचे मानले जातात. येथे ‘सौम्य’ हा शब्द घातक आहे. तो पहिल्या काही तासांतील शुद्धीचे वर्णन करतो, पुढील आयुष्याचे नव्हे. तपासणीपूर्वी रुग्णाला झोपेचे औषध दिले असेल किंवा श्वासनलिकेत नळी घातली असेल तर गुण कमी भरतात. तेव्हा गुण केव्हा व कोणत्या स्थितीत मोजले हे नोंदीत असणे अगत्याचे आहे. गुणांइतकेच मोलाचे, परंतु आपल्याकडे क्वचितच नोंदले जाणारे, दुसरे एक माप आहे. ते म्हणजे अपघातानंतर रुग्णाची स्मृती सलग जुळायला किती दिवस लागले, हे. स्मृतिलोपाचा हा काळ जितका दीर्घ तितकी इजा गंभीर, हे रिची रसेल यांनी १९३० नंतरच्या दशकात दाखवून दिले होते. भेटीला आलेल्या भावाचे नाव रुग्णाला कोणत्या दिवशी प्रथम आठवले, काल कोण येऊन गेले हे तो केव्हापासून सांगू लागला, याच्या तारखा घरातील कोणी साध्या वहीत टिपून ठेवल्या तर पुढे तीन वर्षांनी ती वही एखाद्या प्रमाणपत्रापेक्षा अधिक बोलकी ठरते.

आता दाव्याच्या गाभ्याकडे वळू. विमा कंपनीचा सर्वांत बळकट बचाव निष्काळजीपणाविषयी नसतो. तो कार्यकारणाविषयी असतो. मनुष्य पडला म्हणून रक्तस्राव झाला, की रक्तस्राव झाला म्हणून मनुष्य पडला? उच्च रक्तदाबाचा पन्नाशीतील दुचाकीस्वार रस्त्यावर निपचित सापडला आणि प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसला तर हा प्रश्न निश्चित विचारला जातो, आणि तो विचारणे गैरही नाही. त्याचे उत्तर पुष्कळ अंशी रक्ताच्या स्थानावरून मिळते. रक्तदाबामुळे होणारा रक्तस्राव बहुधा मेंदूच्या खोल भागात, लहान मेंदूत किंवा मेंदूच्या देठात होतो. आघातजन्य रक्तस्राव कवटीलगतच्या भागात, विशेषतः कपाळामागील व कानशिलामागील टोकांशी, आणि अनेकदा आघाताच्या नेमक्या विरुद्ध बाजूस आढळतो. टाळूवरील सूज, हाडाची भेग, शरीरावरील इतर खरचटे हे त्याला जोडून येतात. हा भेद चित्रात दिसू लागला तो संगणकीय छेदचित्रणामुळे, म्हणजे आपण ज्याला सी. टी. स्कॅन म्हणतो त्यामुळे. हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र १९७१ साली लंडनमध्ये घेतले गेले. या चित्रात ताजे रक्त पांढरे दिसते, दोन-तीन आठवड्यांच्या सुमारास ते मेंदूच्याच छटेचे होते आणि पुढे त्याहून काळे पडते. म्हणून चित्रावरून रक्ताचे स्थानच नव्हे, तर स्थूलमानाने वयही कळते. पहिल्या रात्रीचे मूळ चित्र जपून ठेवणे आवश्यक आहे ते याचसाठी. केवळ अहवालाचा कागद पुरत नाही; अहवाल लिहिणाऱ्याने कारणाचा विचार करून तो लिहिलेला नसतो.

वृद्धांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी नाजूक होतो. वयोमानाने मेंदू आकसतो, त्याच्या पृष्ठभागावरील शिरा ताणल्या जातात, आणि रिक्षाचा साधा धक्का लागून पडलेल्या सत्तर वर्षांच्या गृहस्थाच्या डोक्यात तीन-चार आठवडे हळूहळू रक्त साठत राहते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर अधिकच. चाल अडखळू लागते, बोलणे विसंगत होते. घरची माणसे ‘वय झाले’ म्हणतात. निदान होते तोपर्यंत पोलिसांत खबर दिलेली नसते, कारण त्या दिवशी काही झालेच नव्हते. तरुण मनुष्याला अशा धक्क्याने काही झाले नसते, हा युक्तिवाद येथे हमखास होतो. परंतु अपकृत्यविधीचा जुना नियम त्याच्या विरुद्ध आहे : अपकृत्य करणाऱ्याने आपला बळी जसा असेल तसा पत्करला पाहिजे, त्याची कवटी पातळ होती ही सबब त्याला चालत नाही. इंग्लंडमध्ये हा विचार १९०१ पासून मांडला गेलेला आहे. मात्र नियम आणि पुरावा यांची गल्लत होता कामा नये. धक्का लागला होता हे आधी सिद्ध व्हावे लागते. नियम त्यानंतर साहाय्यास येतो. त्या दिवशी जवळच्या डॉक्टरकडे मलमपट्टी केल्याची पावती, शेजाऱ्याची साक्ष, रिक्षाचा क्रमांक यांवर सगळी भिस्त राहते.

पुराव्याचे मान मात्र फौजदारी खटल्याइतके कठोर नाही. अपघाताच्या दाव्यात संशयातीत सिद्धी अपेक्षित नसून संभाव्यतेचे पारडे कोणीकडे झुकते हे पाहावयाचे असते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली स्पष्ट केले आहे. शिरस्त्राण घातले नव्हते, दुचाकीवर तिघे बसले होते, यांसारखे आक्षेपही याच दृष्टीने पाहावे लागतात. दुचाकीवर तिघे असण्याच्या एका प्रकरणात २०२० मध्ये त्या न्यायालयाने असे धरले की, नियमाचा भंग आणि अपघात किंवा त्याचा परिणाम यांत कार्यकारणसंबंध दाखविल्याखेरीज केवळ भंगावरून अंशतः दोष लादता येत नाही. डोक्याच्या इजेच्या बाबतीत शिरस्त्राणाचा आक्षेप परिणामाच्या बाजूने पुढे येऊ शकतो, हे दावेदाराच्या वकिलाने आधीच ध्यानी घेतलेले बरे.

दावा मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १६६ अन्वये मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. अपघात झाला तेथे, दावेदार राहतो किंवा व्यवसाय करतो तेथे, अथवा प्रतिवादी राहतो तेथे, यांपैकी कोठेही अर्ज करता येतो. पुण्याच्या विद्यार्थ्याला कर्नाटकात अपघात झाला तर त्याच्या आईवडिलांना तिकडे हेलपाटे घालण्याचे कारण नाही. खरी अडचण मुदतीची आहे. १९९४ च्या दुरुस्तीने मुदतीचे बंधन काढून टाकले होते. २०१९ च्या दुरुस्तीने ते पुन्हा आणले आणि १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज करणे आवश्यक झाले. या तरतुदीच्या घटनात्मकतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे. परंतु दावेदाराने त्या आशेवर विसंबू नये. पोलिसांनी न्यायाधिकरणाकडे पाठविलेला अपघाताचा अहवाल हाच अर्ज समजावा अशीही तरतूद कायद्यात आहे. तिचा उपयोग आहेच, पण तो अहवाल पहिल्या काही आठवड्यांच्या माहितीवर लिहिलेला असतो.

येथे वैद्यक आणि विधी यांची कालगणना परस्परांशी जुळत नाही. इजा झालेला मेंदू पहिल्या सहा महिन्यांत वेगाने सुधारतो, पुढे वर्ष-दोन वर्षे मंदपणे सुधारत राहतो, आणि कायमचे काय गेले हे त्यानंतरच समजते. कायदा म्हणतो, सहा महिन्यांत या. वैद्य म्हणतो, दोन वर्षे थांबा. यातून मार्ग असा की अर्ज मुदतीत करावा आणि कायम अपंगत्वाचा पुरावा नंतर, प्रकृती स्थिरावल्यावर द्यावा. अर्जात मागितलेल्या रकमेहून अधिक भरपाई देण्यास न्यायाधिकरणाला अडसर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले असल्याने प्रारंभी आकडा नेमका सांगता आला नाही म्हणून फारसे बिघडत नाही. घाई घातक ठरते ती तडजोडीत. कलम १६४ प्रमाणे दोष सिद्ध न करताही जबर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळतात. पण ते स्वीकारले की कलम १६६ खालील अर्ज संपुष्टात येतो. रुग्णालयाचे देणे डोक्यावर असलेल्या कुटुंबाला अडीच लाखांचा मोह टाळणे कठीण, आणि त्याची किंमत किती पडते हे त्या क्षणी कोणी सांगत नाही. लोकअदालतीतील निवाड्याविरुद्धही अपील नाही. हाड सांधले की हिशेब संपतो, अशा इजेत लोकअदालत उपकारक आहे. मेंदूच्या इजेत पहिल्या वर्षात तेथे जाणे प्रस्तुत लेखकास अविचाराचे वाटते.

अपंगत्वाच्या मोजमापाकडे आता यावे. आपल्याकडील अपंगत्वाच्या टक्केवारीचा साचा प्रामुख्याने अवयवांचा, दृष्टीचा व श्रवणाचा विचार करून घडला आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या अधिनियमात २१ प्रकार सांगितले आहेत. त्यांत आघातजन्य मेंदूविकार असा स्वतंत्र प्रकार नाही. परिणामी डाव्या हातात थोडी अशक्तता राहिलेल्या, परंतु नियोजन, सावधानता आणि रागावरील ताबा गमावलेल्या मनुष्याला हाताच्या हिशेबाने दहा टक्क्यांचे प्रमाणपत्र मिळते. हे प्रमाणपत्र खोटे नसते. त्याने वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर दिलेले असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका महत्त्वाच्या निकालात हा भेद स्पष्ट केला. अवयवाची टक्केवारी, संपूर्ण शरीराची टक्केवारी आणि कमाईच्या शक्तीची हानी या तीन निरनिराळ्या गोष्टी असून, तिसरी ठरविण्याचे काम वैद्याचे नसून न्यायाधिकरणाचे आहे. डावा हात गेलेल्या वाहनचालकाची कमाई पूर्ण बुडू शकते. तीच इजा झालेला कारकून नोकरीत टिकू शकतो. हाच न्याय मेंदूला लावला तर म्हणावे लागेल की डोंगरावर गुरे राखणाऱ्याच्या आणि हिशेबनिसाच्या समान इजेची किंमत समान असणार नाही.

या भेदाचे पैशांतील वजन पाहण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, ३८ वर्षांचा, स्वतंत्रपणे काम करणारा एक हिशेबनीस महिना ३०,००० रुपये मिळवीत होता. वर्षाचे उत्पन्न ३,६०,००० रुपये. चाळिशीच्या आतील स्वतंत्र व्यावसायिकाच्या बाबतीत भावी वाढीसाठी ४० टक्के मिळवावेत असे २०१७ च्या घटनापीठाने ठरविले. ते सूत्र पुढे इजेच्या दाव्यांनाही लावले गेले. म्हणजे ५,०४,००० रुपये. ३६ ते ४० या वयोगटासाठी २००९ पासून रूढ असलेला गुणक १५. गुणाकार ७५,६०,००० रुपये. प्रमाणपत्रातील दहा टक्के हेच कमाईच्या हानीचे प्रमाण धरले तर भरपाई ७,५६,००० रुपये होते. त्याची कमाईची शक्ती ७० टक्के गेली असे सिद्ध झाले तर तीच ५२,९२,००० रुपये. गणित सारखेच, उत्पन्न सारखेच; फरक एका आकड्याचा, आणि तो आकडा साक्षीने ठरतो.

ती साक्ष कोणाची? चित्रे घेणारा वैद्य येथे अपुरा पडतो, कारण चित्र पूर्ववत दिसू लागले तरी कार्य पूर्ववत झालेले असेलच असे नाही. स्मृती, अवधान, कामाचा वेग, योजना आखण्याची शक्ती यांच्या प्रमाणित चाचण्या मज्जामानसशास्त्रज्ञ घेतात. बेंगळुरूच्या निमहान्स संस्थेने भारतीय रुग्णांसाठी अशा चाचण्यांचा संच सिद्ध केला आहे. चाचणी रुग्णाच्या भाषेत आणि त्याच्या शिक्षणाचा विचार करून घेतली गेली होती काय, हा उलटतपासातील पहिला प्रश्न असतो, तेव्हा त्याचे उत्तर अहवालातच असावे. वैद्यांना न्यायाधिकरणात येण्यास वेळ नसतो ही तक्रार खरी आहे. वर उल्लेखिलेल्या २०१० च्या निकालात त्यांच्यासाठी ठराविक वेळ नेमावी किंवा आयुक्तामार्फत साक्ष नोंदवावी असे सुचविले आहे. ही सूचना अर्ज करून मागितल्याखेरीज अमलात येत नाही.

परंतु सर्वांत मोलाची साक्ष सामान्य माणसांची. पत्नीने ‘ते बदलले आहेत’ एवढेच सांगून भागत नाही. पूर्वी दरमहा विजेचे बिल कोण भरीत असे, आता ते किती वेळा राहून गेले. गॅस चालू ठेवून बाहेर गेल्याचे प्रसंग किती. मुलीवर हात उगारण्याची वेळ पूर्वी कधी आली होती काय. अशा तपशिलांनी पालट दृश्य होतो. सहकाऱ्याने अपघातापूर्वीची आणि नंतरची खातेवही समोर ठेवली तर त्याहून चांगले. शाळकरी मुलाच्या बाबतीत हेच काम प्रगतिपुस्तके करतात. या पुराव्याला खर्च नाही, वैद्यकीय ज्ञान लागत नाही, आणि तरीही तो बहुतेक दाव्यांत दिला जात नाही, कारण घरातील गोष्टी चारचौघांत सांगण्याचा संकोच आडवा येतो. तो संकोच समजण्यासारखा आहे. वकिलाने तो मानावा, पण त्याची किंमत कुटुंबाला आकड्यांत समजावून द्यावी.

इजा अतिगंभीर असली म्हणजे सिद्धतेची अडचण संपते, परंतु मोजणीची अडचण उभी राहते. २००७ साली अपघात झालेल्या एका बारा वर्षांच्या मुलीचे प्रकरण २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे निकाली निघाले. तिची बुद्धी तिच्या वयाच्या मुलाच्या २० टक्क्यांहूनही कमी, आणि सामाजिक वय नऊ महिन्यांच्या अर्भकाइतके उरले होते. न्यायाधिकरणाने ११,०८,५०१ रुपये दिले होते. पंजाब व हरयाणा उच्च न्यायालयाने ती रक्कम २५,७८,५०१ केली. सर्वोच्च न्यायालयाने ६२,२७,००० रुपये व साडेसात टक्के व्याज दिले. वाढीचे मोठे कारण शुश्रूषेचा हिशेब हे होते. ठोक रक्कम देण्याऐवजी दोन परिचारकांचा महिना १०,००० रुपये खर्च धरून त्याला १८ चा गुणक लावला गेला, आणि त्या एकाच बाबीचे २१,६०,००० रुपये झाले. आई करीत असलेली शुश्रूषा फुकट असते ही समजूत आपल्या न्यायाधिकरणांतून अद्याप गेलेली नाही. या निकालाने तिला मोठाच धक्का दिला.

ज्याला स्वतःच्या दुःखाची जाणीवच उरली नाही त्याला जीवनातील सुखांच्या हानीबद्दल भरपाई द्यावी काय? हाउस ऑफ लॉर्ड्सने १९६३ मध्ये डोक्याला गंभीर इजा झालेल्या एका स्त्रीच्या प्रकरणात, तीन विरुद्ध दोन मतांनी, द्यावी असे ठरविले : वेदना जाणिवेवर अवलंबून असते, परंतु सुखांची हानी ही वस्तुस्थिती असून ती जाणिवेवाचूनही घडते. अल्पमताचा युक्तिवाद असा की उपभोगू न शकणाऱ्याला दिलेला पैसा वस्तुतः वारसांना मिळतो. हा युक्तिवाद सहजासहजी उडवून लावण्याजोगा नाही. तथापि तो मान्य केला तर इजा जितकी भीषण तितकी भरपाई कमी, असा विपरीत परिणाम होतो, आणि म्हणून बहुमतच स्वीकारार्ह वाटते.

भरपाई एकदाच मिळते, हा आणखी एक पेच. मेंदूत रक्त उतरलेल्या रुग्णाला पुढे कित्येक वर्षांनी अपस्माराचे झटके सुरू होऊ शकतात. इंग्लंडमध्ये अशा शक्यतेसाठी तात्पुरता निवाडा देऊन पुढे पुन्हा न्यायालयात येण्याची मुभा १९८२ च्या कायद्याने ठेवली. आपल्या मोटार वाहन अधिनियमात अंतिम निवाड्यानंतर पुन्हा भरपाई देण्याची सोय नाही, हे २००२ च्या त्याच निकालात सांगितले आहे. यास्तव अपस्माराचा संभव, त्यावरील औषधांचा वार्षिक खर्च, पुन्हा शस्त्रक्रियेची शक्यता, कवटीचे काढलेले हाड परत बसविणे, हे सारे वैद्याच्या तोंडून मूळ साक्षीतच आले पाहिजे. जे त्या दिवशी सांगितले गेले नाही ते कायमचे राहून गेले.

शेवटी दावा कोणी चालवावा आणि रक्कम कोणाच्या हाती पडावी, हा प्रश्न. सज्ञान परंतु मनाच्या दुर्बलतेमुळे स्वतःचे हित राखण्यास असमर्थ झालेल्या पक्षकारातर्फे वादमित्राने काम चालविण्याची व्यवस्था दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३२ व्या आदेशात आहे, आणि असमर्थतेची चौकशी न्यायालयाने करावयाची आहे. दावा चालविण्यापुरते हे ठीक. बँकेतील खाते, घर, निवृत्तिवेतन यांसाठी मात्र कायम बेशुद्ध असलेल्या प्रौढाचा पालक नेमण्याची सरळ वैधानिक वाट नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता यांपुरताच आहे. म्हणून कुटुंबांना उच्च न्यायालयाच्या असाधारण अधिकाराकडे जावे लागते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा नेमणुकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. भरपाईची रक्कम मुदतठेवीत ठेवून केवळ व्याज हाती द्यावे, हा दंडक सर्वोच्च न्यायालयाने केरळ राज्य परिवहन महामंडळाच्या १९९३ च्या प्रकरणात अज्ञान व निरक्षर दावेदारांच्या हितासाठी सांगितला होता. सुशिक्षित दावेदाराला तो जाचक वाटतो, आणि सामान्यतः वाटणे रास्तही आहे. परंतु ज्याचा निर्णयशक्तीचा भागच जखमी झाला आहे अशा पदवीधराच्या हाती पन्नास लाखांचा धनादेश देताना पदवी पाहून ठेवीची अट सैल करणे योग्य होणार नाही. तेथे पत्नीच्या नावाने संयुक्त खाते आणि उपचारासाठी लागेल तशी रक्कम काढण्याची परवानगी, असा आदेश वकिलाने निकालापूर्वीच मागून घ्यावा.